लाकडी टेबल रंगवण्याआधी: घासकाम आणि तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबल रंगवायला घेतलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रंग कोणता घ्यावा हे विचारणारे थोडेच असतात. रंग निघाला, डाग वर आला, हात फिरवला तर खरखरीत लागतं, अशा तक्रारी जास्त येतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा रंगाचा डबा उघडण्याआधीच्या कामात सापडतं. सगळी उत्तरं लाकूड पूर्ण झाकणाऱ्या रंगासाठी आहेत. लाकडाच्या रेषा दिसू देणारं पॉलिश करायचं असेल तर घासकाम याहून काटेकोर लागतं, तो विषय इथे घेतलेला नाही.

१. न घासता सरळ रंग मारला तर काय होतं?

पहिले काही आठवडे काहीच होत नाही. म्हणूनच ‘आम्ही तर तसाच मारला, काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतात. रंग मुख्यतः दोन प्रकारे धरतो: कोऱ्या लाकडात तो थोडा आत मुरतो आणि जुन्या थरावर बारीक चऱ्यांमध्ये अडकून बसतो. तुळतुळीत व्हर्निशवर त्याला मुरायलाही जागा नसते आणि अडकायलाही. भिंतीवरच्या फ्रेमला कोणी हात लावत नाही, तिथे हे खपून जातं. टेबलावर गरम कप येतात, ओलं फडकं रोज फिरतं, मनगटं घासली जातात. मग एक दिवस कडेला नख लागतं आणि रंग पापुद्रा सुटावा तसा सोलून निघतो.

‘घासायची गरज नाही’ असं डब्यावर छापलेले रंग आणि प्रायमर (रंगाआधी द्यायचा पायाचा थर) मिळतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ते इतरांपेक्षा चांगले धरतात, हे खरं. तरीही टेबलाच्या वरच्या फळीवर थोडा वेळ घासायचा पॉलिश पेपर फिरवाच. पायांना एकवेळ नाही फिरवला तरी चालेल.

२. मग जुना रंग किंवा पॉलिश पूर्ण काढून कोरं लाकूडच करायचं का?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती इथेच. जुना थर लाकडाला घट्ट धरून असेल तर तो उत्तम पाया आहे. त्याची फक्त चमक मारायची, म्हणजे घालवायची. सगळीकडून सारखा, दुधट आणि मंद दिसू लागला की घासकाम संपलं.

थर घट्ट आहे की नाही हे तपासायला कोपऱ्यात धारदार ब्लेडने साधारण दोन-दोन मिलीमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा. ब्लेड लाकडापर्यंत पोचलं पाहिजे. जाळीवर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि पटकन ओढून काढा. पट्टीला चौकटीच्या चौकटी चिकटून आल्या तर वरचा नवा रंगही त्यांच्याबरोबरच जाणार, तेव्हा तो थर काढलेलाच बरा. एखाददुसऱ्या चौकटीचा टवका उडाला तर काळजी नको.

पोपडे सुटलेत, सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्यात, उन्हाळ्यात हाताला चिकट लागतं किंवा थरांवर थर चढून नक्षी बुजली आहे, अशा वेळी मात्र पूर्ण काढा. टेबल जुनं असेल तर पेपर हातात घेण्याआधी प्रश्न ३ वाचा.

३. टेबल आजोबांच्या काळातलं आहे. रंगात शिसं असू शकतं का?

असू शकतं. पूर्वी रंग लवकर वाळावा, टिकावा आणि उजळ दिसावा म्हणून त्यात शिशाची संयुगं सर्रास घालत. अमेरिकेत घरगुती रंगांत ती वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. भारतात दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे टेबल फार जुनं नसलं तरी शंका घ्यायला जागा आहे.

शंका असेल तर कोरडं घासू नका. मशीन तर नाहीच. हीट गन आणि आगीची ज्योतही नको, त्यातून शिशाची वाफ आणि धूर निघतो. थर घट्ट असेल तर तो तसाच ठेवून वॉटर पेपरने ओलं घासा, चिखल फडक्याने टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बंद करून टाकून द्या. थर काढायचाच असेल तर रंग काढायचं रसायन (स्ट्रिपर) वापरा किंवा हे काम जाणकाराकडे द्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या जागेच्या जवळपासही नकोत. त्याच कपड्यांनी घरभर फिरू नका. खात्रीचं उत्तर प्रयोगशाळेतल्या तपासणीतूनच मिळतं.

४. टेबलाचे पाय डुगडुगतात. रंगानंतर दुरुस्त केलं तर चालेल?

आधी करा. सांध्यांत रंग गेला की लाकडाचा गोंद लाकडाला न धरता रंगाला धरतो आणि सांधा पुन्हा सुटतो. सांधा उघडून जुना गोंद खरवडा, नवा लावा, शिकंजात आवळा आणि रात्रभर सुकू द्या. बाहेर ओघळलेला गोंद ओला असतानाच पुसा.

५. आधी धुवायचं की आधी घासायचं?

आधी धुवायचं. रंग फसण्याची जी कारणं मी पाहतो, त्यांत हा क्रम उलटा केलेला असणं फार वर आहे.

टेबलाच्या फळीच्या कडेला खालून बोट फिरवून पाहा. बसणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथे काळपट, किंचित चिकट पट्टा लागतो: घाम, तेल, अन्नाचे हात, वर्षानुवर्षांचं मेण. त्यावर पेपर फिरवला की चिकटा निघत नाही, चऱ्यांमध्ये आणखी आत ढकलला जातो. पेपर भरतो तो वेगळाच.

कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून फडकं घट्ट पिळून पुसा. पाणी ओतू नका, सांधे आणि व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पत्रा) फुगतात. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढा, कारण साबणाचा पापुद्राही रंगाला नडतो. पूर्ण सुकल्यावर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मेण काढा. इथे फडक्याची बाजू सतत बदलायची. एकाच बाजूने पुसत राहिलात तर मेण इथून तिथे पसरतं. पांढरं फडकं पांढरंच राहिलं की थांबा.

सगळ्यात चिवट असतं ते फर्निचर चमकवायच्या काही स्प्रेंमधलं सिलिकॉन. ते राहिलं असेल तर ओला रंग जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. वरून आणखी रंग मारून ती बुजत नाहीत. तो रंग पुसून काढा, टर्पेंटाईनने दोन-तीनदा पुन्हा पुसा आणि मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात देऊन पृष्ठभाग बंद करा. मग पुढचं काम.

६. जुनं पॉलिश नक्की कशाचं आहे हे कसं ओळखायचं?

न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिट लावा. चिकट होऊन सुटू लागलं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने मऊ झालं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर ते पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाईन किंवा चांगलं वाळलेलं व्हर्निश असण्याची शक्यता जास्त. लॅकरवर थेट थिनरवाला रंग मारू नका, खालचा थर सुरकुततो. लाख स्पिरिटने सहज पुसून निघते, तेव्हा घासण्याआधी ते करून पाहा.

७. कोणत्या नंबरचा पॉलिश पेपर आणू?

काम काय आहे त्यावर ठरतं. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. फक्त चमक मारायची असेल तर १८० किंवा २२० पुरतो. थर काढायचा असेल किंवा फळी उंचसखल असेल तर ८० ने सुरुवात, मग १२०, शेवटी १८०. प्रायमर वाळल्यावर २२० किंवा २४०, रंगाच्या दोन हातांमध्ये ३२०.

८० वरून थेट १८० वर उडी मारू नका. ८० चे चरे खोल असतात. १८० त्यांच्या फक्त कडा झिजवतो, तळापर्यंत पोचत नाही. कोऱ्या लाकडावर ते दिसत नाहीत, पण चमकदार रंगाचा पहिला हात वाळला की समांतर रेघांची रांग वर येते. १२० चं कामच ८० च्या खुणा पुसण्याचं आहे.

काही पेपरांच्या मागे नंबराआधी ‘पी’ असतं, काहींवर नसतं. ही दोन वेगळी मापं आहेत. २२० पर्यंत फारसा फरक पडत नाही. बारीक नंबरांत मात्र पडतो: पी ४०० हा जवळपास बिनपीच्या ३२० इतका असतो. एका कामात एकाच मापाचे पेपर वापरा म्हणजे गोंधळ होणार नाही.

८. जितकं गुळगुळीत तितकं चांगलं ना? मी ४०० पर्यंत गेलो तर?

रंगासाठी नाही. कोरं लाकूड फार बारीक पेपरने घासलं की तंतू दबून चकाकतात आणि प्रायमर नीट आत जात नाही. कोऱ्या लाकडावर १८० ला थांबा, फार तर २२०. शेवटचा गुळगुळीतपणा लाकडात शोधायचा नसतो. तो प्रायमर घासताना येतो.

९. हाताने घासू की मशीनने?

वरची फळी मशीनने, बाकी सगळं हाताने. गोल फिरता फिरता थरथरणारं ऑर्बिटल सँडर टेबलाला योग्य. पट्ट्याचं मशीन नवशिक्याने हातात धरू नये. एक क्षण थांबलं तरी फळीत खळगा पडतो.

मशीनवर जोर देऊ नका. त्याच्या स्वतःच्या वजनाने आणि हाताच्या आधाराने ते चालतं. दाबलं की चकती फिरायची थांबते आणि शेपटीसारखे वळलेले चरे पडतात. फळीवर टेकवून मग सुरू करा. सेकंदाला साधारण अडीच-तीन सेंटीमीटर, म्हणजे कंटाळा येईल इतकं हळू सरकवा. कडेला आलात की चकतीचा बराचसा भाग फळीवरच राहू द्या. ती बाहेर लोंबकळली तर कड उताराची होते.

हाताने घासताना पेपर कॉर्कच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली दाब जास्त पडतो आणि मऊ लाकडात बोटांच्या आकाराच्या नाळी तयार होतात. खिडकीकडून तिरपा उजेड आला की त्या दिसतात. तोपर्यंत रंग झालेला असतो.

१०. रेषेच्या दिशेनेच का घासायचं?

लाकडाच्या रेषांबरोबर पडलेला चरा रेषांत लपतो. आडवा पडलेला तंतू तोडतो आणि वेगळा दिसतो. अपारदर्शक रंगाखाली थोडं खपतं, पण कोऱ्या लाकडावर शेवटचा पेपर तरी रेषेबरोबरच हाताने फिरवा, मशीनने घासलं असलं तरी. उरलेल्या थरावर, जिथे लाकूड उघडंच पडत नाही, तिथे दिशेचा बाऊ नको.

११. पुरेसं घासलं गेलं हे कळणार कसं?

नंबर बदलताना दर वेळी फळीवर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या की त्या नंबराचं काम झालं. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून न दिसणारे चरे, गोंदाचे डाग आणि चमकणारे सुटलेले तुकडे या उजेडात सावल्या टाकतात. शेवटी डोळे मिटून पातळ फडक्यावरून तळवा फिरवा, जिथे फडकं अडकेल तिथे पुन्हा घासा.

याच वेळी सगळ्या तीक्ष्ण कडा २२० ने दोन-तीनदा मोडून घ्या. धारदार कडेवरून ओला रंग दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका कडेवरच थर सगळ्यात पातळ राहतो. टेबलाचा रंग आधी कडेलाच उडतो याचं हे एक मोठं कारण.

१२. खड्डे, भेगा आणि खिळ्यांची भोकं कशाने भरू?

आधी खड्डा आणि चेप यांत फरक करा. काहीतरी आपटून लाकूड नुसतं दबलं असेल, तंतू तुटले नसतील, तर भरायची गरजच नाही. कोऱ्या लाकडावर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. एकदोनदा करून पाहा, मग सुकल्यावर घासा. व्हिनियरवर हे करू नका, खालचा गोंद सुटतो.

छोटी भोकं आणि चरे लाकडाच्या तयार फिलरने भरा. खोल जागी एकदम थापू नका. दोन-तीन मिलीमीटरचे थर देत जा आणि प्रत्येक थर वाळू द्या. शेवटचा थर किंचित उंच ठेवा, कारण वाळताना तो बसतो. तुटलेला कोपरा किंवा कड पुन्हा उभी करायची असेल तर हार्डनर मिसळून लावायची दोन भागांची पुटी घ्या. ती आकसत नाही, लाकडासारखी घासता येते, पण पटकन धरते. लागेल तेवढीच कालवा.

लाकडाचा गोंद आणि भुसा मिसळून भरणारेही बरेच आहेत. रंगाखाली तो चालतो. भुसा बारीक हवा, आणि बाजूला पसरलेला गोंद ओला असतानाच पुसा, नाहीतर तिथे प्रायमर मुरत नाही.

फळ्या जोडलेल्या जागी दिसणाऱ्या लांब भेगांचं मात्र वेगळं आहे. लाकूड हवेतल्या ओलीबरोबर आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्या भेगेत कडक पुटी भरली तर पुढच्या ऋतूत बाजूने केसासारखी चीर पडते. अशा ठिकाणी रंग धरणारा, लवचिक राहणारा ॲक्रिलिक सीलंट घाला. सिलिकॉनचा नको, त्यावर रंग बसतच नाही. भेग वरखाली आरपार हलत असेल तर ती तशीच दिसू दिलेली बरी.

खिळ्यांची डोकी आत ठोकून, त्यांना लोखंडावरच्या प्रायमरचा ठिपका देऊन मगच भरा. पाण्यावरच्या रंगाखाली उघडं लोखंड गंजतं आणि तांबूस ठिपका वर येतो.

१३. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, प्रायमरच्या आधी भरायची की नंतर?

दोन्ही बाजूंनी ठाम सांगणारे लोक आहेत आणि आपापल्या मालाबद्दल दोघंही बरोबर आहेत. तेलातली लांबी कोऱ्या लाकडावर लावली तर लाकूड त्यातलं तेल ओढून घेतं, ती ठिसूळ होते आणि गळते. म्हणून आधी प्रायमर, मग ती लांबी. प्रश्न १२ मधला तयार फिलर आणि दोन भागांची पुटी कोऱ्या लाकडाला जास्त चांगली धरते, तेव्हा ती आधी. दोन्हींत भरलेल्या जागेवर घासल्यानंतर प्रायमरचा हात हवाच, नाहीतर तिथे रंग जास्त शोषला जाऊन मंद चट्टे दिसतात.

पहिला प्रायमर झाल्यावर आधी न दिसलेले चरे हमखास उघडे पडतात. ते तेव्हा भरा. त्यासाठी थोडी लांबी बाजूला ठेवाच.

१४. पायांवर नक्षी आहे, तिथे पेपर पोचत नाही. काय करू?

चमक मारणं एवढंच उद्दिष्ट ठेवा, नक्षी झिजवू नका. पेपरच्या तीन घड्या घालून खाचेत त्याची कड फिरवा. गोल वळणांवर कापडी पाठीच्या पेपरची बारीक पट्टी काढून दोन्ही हातांनी पुढेमागे ओढा. फोमवाले घासायचे ठोकळेही वळणांवर चांगले बसतात. अगदी बारीक कोरीव कामात चमक मारायचं द्रावण फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने लावा, पण हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवून. पाण्यावरचा प्रायमर मारणार असाल तर स्टील वूल टाळा. त्याचे तुकडे खाचांत अडकतात आणि गंजून ठिपके पडतात.

१५. घासल्यावर भुकटी काढायची योग्य पद्धत कोणती?

झाडू किंवा तोंडाने फुंकर नको, भुकटी उडून परत तिथेच बसते. व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून ओढा, सांधे आणि खालची बाजू विसरू नका. मग किंचित ओलसर फडक्याने पुसा: तेलाचा प्रायमर असेल तर टर्पेंटाईनने, पाण्याचा असेल तर पाण्याने. बाजारातलं चिकट फडकं जोरात दाबलं तर आपलाच चिकटा मागे सोडतं, हलक्या हाताने फिरवा. जमिनीवरची धूळही पुसा आणि थोडा वेळ खोली शांत राहू द्या. पंखा बंद.

कोरं लाकूड घासल्यावर शक्यतो त्याच दिवशी प्रायमर मारा.

१६. मास्कची खरंच गरज आहे का, लाकडाचा भुसाच तर आहे?

आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. तो धोका वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना जास्त, पण एका टेबलाच्या धुळीनेही दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना त्रास होतो. एन-९५ किंवा त्या दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क घ्या. रुमालाचा उपयोग नाही. थिनर आणि स्ट्रिपरच्या वाफेला मात्र हा मास्क थांबवत नाही. तिथे खिडक्या उघड्या हव्यात आणि वाफ शोषणारा फिल्टर लावलेला मास्क.

१७. प्रायमर टाळता येईल? आणि तेलाचा घ्यावा की पाण्याचा?

पूर्वीचा घट्ट रंग असेल, नुसता घासून त्याच जातीचा नवा मारायचा असेल, तर टाळता येईल. कोरं लाकूड, भरलेल्या जागा, गडद पॉलिश किंवा गडद रंगावरून फिकट रंग असेल तर नाही.

पाण्याचा लवकर वाळतो आणि वास कमी येतो. तेलाचा लाकडाचे तंतू कमी उठवतो, डाग जास्त चांगले अडवतो, पण वाळायला वेळ घेतो. सगळ्यात पक्का डाग अडवणारा म्हणजे लाखेचा प्रायमर, त्याबद्दल प्रश्न १९ मध्ये. वाळलेल्या तेलाच्या प्रायमरवर पाण्याचा रंग चालतो. हात पातळ द्या. एक जाड हात दोन पातळ हातांचं काम करत नाही, वर वाळतो आणि आत मऊ राहतो.

१८. इतकं घासून घेतलं आणि पहिल्या हातानंतर पुन्हा खरखरीत! काय चुकलं?

काही चुकलं नाही. पाणी लागलं की लाकडाचे दबलेले तंतू फुगून उभे राहतात, पाण्याचा प्रायमर हे करणारच. पूर्ण वाळल्यावर २२० किंवा ३२० ने हलकेच घासा, भुकटी पुसा, पुढे चला. आधीच टाळायचं असेल तर शेवटच्या घासण्यानंतर कोरं लाकूड ओलसर फडक्याने पुसा, सुकू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने हलके उडवा. इथे खोल घासलंत तर खालचे नवे तंतू उघडे पडतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो.

१९. पांढऱ्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर येतायत. किती हात देऊ?

कितीही द्या, येत राहतील. रंग थांबवा आणि डाग कशाचा आहे ते पाहा.

गोल डाग गाठींवर असतील तर तो गाठीतला राळेसारखा चीक. पाइनसारख्या लाकडात हे हमखास होतं, कधी कधी काही महिन्यांनी. पसरट, चहासारखे डाग असतील तर लाकडातलं टॅनिन किंवा रंगद्रव्य पाण्याच्या प्रायमरमध्ये विरघळून वर आलंय. ओक आणि महोगनीत हे फार होतं, गडद सागातही. निळे-जांभळे असतील तर पेनाची किंवा मार्करची शाई.

तिन्हींवर उपाय एकच: लाखेचा प्रायमर. गाठींवर दोन पातळ हात, बाकी ठिकाणी एक. आधीच मारलेला रंग वाळलेला असेल तर काढायची गरज नाही, त्यावर २२० फिरवून हा हात द्या आणि मग रंग. गाठीतून चीक अजून ओला गळत असेल तर आधी तो खरवडून थिनरने पुसा. ओल्या चिकाला कुठलाच प्रायमर कायमचा अडवत नाही.

२०. टेबलाला व्हिनियर आहे. घासू शकतो का?

हाताने, १८० किंवा २२० ने, हो. आजकालचं व्हिनियर बऱ्याचदा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असतं. मशीन आणि ८० नंबर मिळून काही सेकंदांत ते आरपार जातं, कडेला तर आधीच. फळीची कड बघा: वरच्या रेषा कडेवर वळून खाली येत नसतील आणि मध्ये पातळ पट्टी दिसत असेल तर ते व्हिनियर. टिचकी मारून पाहा. पोकळ आवाज आला तिथे ते खालून सुटलंय. ब्लेडने रेषेबरोबर चीर देऊन गोंद आत घाला, वर कागद आणि वजन ठेवा. घासताना आरपार गेलंच तर ती जागा फिलरने सपाट करा, रंगाखाली कळणार नाही.

२१. सनमायका किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) असेल तर?

सनमायकाच्या आत रंग मुरत नाही, तेव्हा सगळी भिस्त धुणं, चरे आणि प्रायमर यांवर. प्रश्न ५ प्रमाणे धुवा, १५० ते २२० ने सगळीकडून चमक मारा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावा. तो लावून दोन-तीन दिवसांनी प्रश्न २ मधली चिकटपट्टीची चाचणी कोपऱ्यात करा, पुढचा रंग त्यानंतरच. सुटलेल्या कडा आधी चिकटवा.

एमडीएफची वरची बाजू नुसती २२० ने हलकी घासली की झालं. त्रास कडांचा. कापलेली कड स्पंजासारखी प्रायमर पिते आणि फुगून लव उठते. तिला तेलाचा किंवा लाखेचा प्रायमर द्या, २२० ने घासा, पुन्हा द्या. पाण्याने पुसणं टाळा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, प्रश्न १६ इथे दुप्पट लागू.

२२. पेपर लगेच भरून जातो, वर रबरासारख्या गोळ्या येतात.

जो थर घासताय तो कोरड्या भुकटीत निघाला पाहिजे. गोळ्या येत असतील तर नवा रंग किंवा प्रायमर आतून वाळलेला नाही, किंवा जुन्या थरात मेण आहे, किंवा मशीन दाबून तुम्ही तो तापवून मऊ केलाय. पहिल्या कारणाला वाट पाहणं हाच उपाय. दमट हवेत डब्यावर छापलेल्या वेळेच्या दुप्पटही लागते. दुसऱ्याला प्रश्न ५. तिसऱ्याला हात हलका करा.

२३. लाकडात टाचणीएवढी भोकं आहेत आणि खाली पिठासारखी भुकटी पडते.

रंगाचं काम थांबवा, आत कीड जिवंत असण्याची शक्यता आहे. टेबल झटकून खाली गडद कागद अंथरा आणि काही आठवडे पाहा. ताजी भुकटी पडत राहिली तर आधी कीडनाशक उपचार, कोऱ्या लाकडावर. रंगाच्या थरातून औषध आत जात नाही. भुकटी पडली नाही तर भोकं जुनी असावीत, पण कीड वर्षातला बराच काळ आत गप्पही असते. त्यामुळे भरण्याआधी उपचार केलेलाच बरा. पटाशीचं टोक सहज आत जात असेल तर तो भाग बदलावा लागेल, पुटीने वजन पेललं जात नाही.

२४. टेबलाला वर्षानुवर्षं जवसाचं तेल लावलंय. त्यावर रंग बसेल?

बसेल, पण घाईने नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पूर्ण घट्ट झालेलं तेल चांगला पाया असतं, अर्धवट सुकलेलं अजिबात नाही. शेवटचं तेल अलीकडे लावलं असेल तर काही आठवडे थांबा. टर्पेंटाईनने पुसा, १२० ने घासा. भुकटी कोरडी निघाली आणि पेपर भरला नाही तर तेलाचा किंवा लाखेचा प्रायमर मारा. पेपर भरला तर अजून वेळ आहे.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात किंवा डब्यात कधीही टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, ती ढिगात कोंडली की फडकी आपोआप पेट घेतात. एकेक उलगडून मोकळ्या हवेत, बाहेर, न दुमडता सुकवा. पूर्ण कडक झाली की टाका. नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.